डोंगरावरचा पाऊस मी खाली बसून लिहिला

नांदेडहून सकाळची एसटी धरली, मुखेडला उतरलो आणि बालाघाटच्या डोंगरावर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. खाली वैशाखाची धग. वळणं चढू लागलो तसं माथ्यावर काळं आभाळ दिसलं.

"ह्या डोंगराचं काय खरं न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "आता दगड भाजून राहिले, घंट्याभरात गारा पडतील. थंडीत तर गोधडीबी वली लागती. कुणाकडं चालले?"

"गयाबाईंकडे."

"जपून बोला. लई कडक बाई हाय."

वस्तीच्या शाळेमागे पर्जन्यमापक अजून होता. पावसाळ्यात रोज सकाळी येऊन त्यातलं पाणी मोजायचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. घाट चढायचा मला कंटाळा. मुखेडातलं माझं अंगण ओलं असलं तर वहीत अंदाजे आकडा, कोरडं असलं तर शून्य. वरचा पाऊस वेगळा असतो हे मला ठाऊक होतं.

एका भादव्यात इथे ढगफुटी झाली. पाझर तलाव फुटला, गयाबाईंच्या शेतातली माती वाहून नुसता मुरूम उरला. पंचनाम्याला आलेल्यांनी माझी वही उघडली. शून्य. "पाऊसच नव्हता. पाणी घ्यायला तलावाचा बांध तुम्हीच फोडला," असं गयाबाईंना गावासमोर सुनावलं. मी शेजारी उभा होतो. गप्प.

इतक्या वर्षांनी गयाबाईंनी मला ओळखलं नाही. पाहुणा म्हणून भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आमटी वाढली. तेवढ्यात पत्र्यावर गारा कोसळल्या.

"मावशी, ते शून्य मी न मोजता लिहिलं!"

"काय?"

पुन्हा ओरडलो, तोवर गारा थांबल्या होत्या. शेजारची माणसं दारात आली.

गयाबाईंनी आमटीची पळी खाली ठेवली.

"आता सांगून राहिलेत, साहेब? मालक तवा लातूरला वॉचमन व्हते. सुट्टीवर आले तर खाली मुखेडात समदा फुफाटा, धूळच धूळ; वर पाऊस झाला हे त्येंला पटंना. मरंस्तोवर इचारायचे, गया, खरं सांग, बांध तूच फोडला का? वही खोटं कशी बोलंल म्हणायचे."

मी हात जोडले.

"हात नगा जोडू. भाकर खावा अन् जावा. परत येऊ नगा."

खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

संध्याकाळी मुखेडच्या स्टँडवर टिपूसही नव्हता. माझी भिजलेली चप्पल बघून एकानं विचारलं, "वर पाऊस झाला का हो?"

"झाला," मी म्हणालो.

एवढाच शब्द पंचनाम्याच्या वेळी पुरला असता. तेव्हा गयाबाईंचा माणूस जिवंत होता.