कोंडवाड्यातून बोलतोय

रोज शोच्या आधी जोतीराम जिन्याच्या वळणावर थांबायचा, दातांत आडवी पेन्सिल धरायचा आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "हाय हॅलो कोल्हापूर!" ओठ ताणलेले असले की हसू आवाजातही ऐकू येतं, असं त्याला रेडिओ स्टेशनवर शिकवलं होतं. पेन्सिल काढली की हसूही जायचं. मग तो ती पुन्हा धरायचा.

कोडोलीचा जोतीराम इथे 'आरजे ज्यो' होता. आधी तो एका शेतकी संस्थेच्या लहानशा रेडिओवर हवामान, उसावरची कीड, जनावरांचे आजार यांबद्दल बोलायचा. आवाज खोल, सावकाश. हा माणूस आपल्या ओसरीवर बसून बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटायचं. ते केंद्र बंद पडलं. शहरातल्या गाण्यांच्या स्टेशनने त्याच आवाजासाठी त्याला घेतलं, पण घेतल्यावर त्या आवाजाचं काय करायचं ते कुणालाच कळेना. नाचाचं गाणं संपलं की जोतीराम दोन श्वास गप्प राहायचा. गाणं ऐकणाऱ्याच्या आत उतरायला तेवढा वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं.

"गाणं लावता का सुतक पाळता?" त्याची बायको क्रांती हसून विचारायची.

स्टेशनचे प्रमुख विजयसिंह हसत नसत. "भावा, आवाज सोनं हाय तुझा. पण आमचं दुकान फुटाण्याचं हाय."

दिवाळीनंतर त्याचा करार संपत होता. पुढे राहायचं तर 'बकरा' जमायला हवा होता. श्रोत्याने सुचवलेल्या माणसाला फोन करायचा, काहीतरी खोटं सांगून घाबरवायचं आणि शेवटी ओरडायचं, "बकरा झाला!" जोतीरामला ते जमत नव्हतं. एका रिक्षावाल्याला त्याने परवाना रद्द झाल्याचं सांगितलं, आणि तो रडवेला होताच स्वतःच म्हणाला, "न्हाय हो पावणं, खोटं हाय."

"माझ्या भावाच्या डेअरीत चला की," क्रांती म्हणाली.

"आणि माईकसमोर न्हाय बसलो तर मी कोण?"

 त्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

दिवाळीचा पाडवा होऊन काही दिवस झाले होते. विजयसिंह म्हणाले, "आज बकरा थेट, लाइव्ह करायचा. हा शेवटचा चान्स." जोतीरामने जुन्या निरोपांतला एक उचलला. शिवाजी पेठेतल्या यशराजने लिहिलं होतं, 'आमच्या धोंडुबाई आत्तीला बकरा करा. म्हशीवर लई जीव हाय तिचा.' निरोप दिवाळीच्या आधीचा होता. जोतीरामने तारीख पाहिली नाही.

"कोंडवाड्यातून बोलतोय," तो म्हणाला. घाईत ओठ ताणायचं राहिलं आणि त्याचा स्वतःचा, जुना आवाज बाहेर पडला. "तुमची म्हस रस्त्यात मोकाट सापडली. दंड भरा आणि घेऊन जावा."

 पलीकडून बाई ओरडली, "माझी चंद्री? जित्ती हाय?"

त्याला कळेना. "व्हय, जित्ती हाय की."

"पाडव्याला सजवून म्हशींच्या शर्यतीत पळवाय नेलती रं! फटाक्याला बिचकली ती गेलीच. सगळं कोल्हापूर पालथं घातलं. लागंल तेवढा दंड भरतो, बाळा. तिला पाणी दाखीव, आलोच मी!"

फोन बंद झाला. काचेपलीकडे सगळे पोट धरून हसत होते. विजयसिंहांनी अंगठा वर केला.

"बकरा झाला" म्हणायचं राहून गेलं होतं. जोतीरामने गाणं सोडलं आणि पुन्हा पुन्हा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. मग गाणं मध्येच तोडून तो माईकवर म्हणाला, "धोंडुबाईंच्या गल्लीत कुणी ऐकत असंल तर त्यांना थांबवा. म्हस सापडलेली न्हाय. मी खोटं बोललो."

विजयसिंह आत घुसले. माईक बंद करून त्यांनी गाणं पुन्हा चालू केलं. "डोस्कं फिरलं काय? एवढं भारी जमलं हुतं!"

"ती बाई कोंडवाड्याकडं निघाली, साहेब."

"जाईल आणि येईल. खुर्चीतनं उठलास तर परत बसू नकोस."

"दोन गाणी लावून जातो. लगेच येतो. पाया पडतो, साहेब."

विजयसिंहांनी नकारार्थी मान हलवली. जोतीरामने माईकच्या काळ्या स्पंजवर बोटं टेकवली, थोडा वेळ तशीच ठेवली. मग तो उठला.

कोंडवाड्याच्या फाटकाला धरून धोंडुबाई हाका मारत होत्या. पदरात भाकरीचे तुकडे. आत एक हाडं निघालेला बैल तेवढा मान वळवून बघत होता. जोतीरामने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांना ते पटेना.

"तू न्हवंस. त्यो कोण तरी मोठा माणूस हुता. आवाजावरनं कळतंय की."

तेव्हा जोतीरामने डोळे मिटले आणि त्या आवाजात म्हटलं, "कोंडवाड्यातून बोलतोय."

धोंडुबाई मटकन खाली बसल्या. भाकरी मातीत सांडली. त्यांनी विचारलं, "एवढं खोटं एवढं खरं कसं रं बोललास?"

 खिशात फोन थरथरत होता, स्टेशनचाच असणार. त्याने तो काढला नाही. पुढच्या आठवड्यात तो मेहुण्याच्या डेअरीत कामाला लागला. कुठल्याच रेडिओवर नंतर तो ऐकू आला नाही. पण त्या संध्याकाळी, कोंडवाड्यासमोर, त्याने आपली मोटारसायकल वळवून आणली आणि तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"उठा आत्ती, घरापत्तुर सोडतो. मागं नीट धरून बसा."