मोजे घातलेला बिबट्या

आमच्या द्राक्षबागेत शिरलेल्या बिबट्याच्या पायात माझेच मोजे होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझी मुलगी सायली नाशिकला ॲनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षी स्वतःची छोटी फिल्म करावी लागते, आणि तिने विषय घेतला बिबट्या. (आमच्या पिंपळगावात दुसरं सुचणार काय? बागेला लागून ऊस, आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा कुत्रा बिबट्याने नेलेला.) पण तिचे सर म्हणत होते, हा नुसता चालतो, अंगात वजन नाही, मनात काही आहे असं वाटत नाही; सुधारलं नाही तर फिल्म नापास. पोरगी काळजीने अर्धी झाली होती. म्हणून सुट्टीत घरी येऊन ती बिबट्याची चाल स्वतः करून बघत होती. हे मला कोणी सांगितलंच नाही!

दिवस मावळताना मी ओट्यावर चहा पीत होतो. बागेत ठिपक्यांचं काहीतरी हललं. थांबलं. एक खांदा वर, एक खाली, असं दबकत पुढे आलं. चहा ओट्यावर राहिला आणि मी घरात. कडी लावली, कडीला खुर्ची लावली, खुर्चीवर स्वतः बसलो. मग बायकोला विचारलं, सायली कुठंय?

"मघाशीच बागेत गेली ना," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला रडूच आलं. एकुलती एक पोर. मी कडी काढली.

"अहो, गाणी लावून जा," बायको म्हणाली.

बिबट्याच्या दिवसांत आमच्याकडे मोबाईलवर मोठ्याने गाणी लावूनच बाहेर पडतात, म्हणजे जनावर बाजूला होतं. घाईघाईत मी काहीतरी दाबलं आणि कांद्याचे बाजारभाव सुरू झाले! एका हातात बाजारभाव, दुसऱ्या हातात लाटणं (सापडलं तेच), असा मी "सायले, घरात ये" म्हणत निघालो.

ठिपकेवाला दोन पायांवर उभा राहिला.

पोरीसाठी जीव द्यायला निघालेला माणूस लाटणं टाकून पळत सुटला. गुडघे छातीला, हात पुढे, मान मागे, चपला कुठल्या कुठे, आणि बाजारभाव चालूच.

"पप्पा, पळू नका, मी हाय ना," मागून आवाज आला.

अंगावर सोफ्यावरचं ठिपक्यांचं ब्लँकेट, आणि खडे टोचू नयेत म्हणून हातापायांत माझे मोजे. मी आधी तिला पोटाशी धरलं, मग यथेच्छ बोललो. ती मात्र बागेच्या तारेला बांधलेला मोबाईल सोडत होती. स्वतःची चाल टिपायला तो तिने चालू ठेवला होता, आणि त्यात मी सगळाच्या सगळा आलो होतो.

फिल्म बदलली. आता तीत बिबट्या दिसतच नाही, दिसतो फक्त त्याला घाबरलेला माणूस. परवा तिचा फोन आला. सर खूश आहेत, फिल्म पास होईल. फक्त पळणं अती झालंय म्हणे, खरा माणूस काही इतका घाबरत नाही, जरा कमी कर.

तेव्हा सध्या पोरगी मला थोडा थोडा शूर करते आहे.