ऐंशी सेंटीमीटरची पट्टी

मिस्त्री पहिल्यांदा माझ्या घरी आले तेच मुळी मुलूख जिंकायला निघाल्यासारखे. दारातच थांबून त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे असं पाहिलं, की मला स्वतःचाच संशय यायला लागला.

"ठेवा ती खिशात, साहेब. गोल टेबलाला टेप लावत नाहीत, डोकं लावतात."

माझ्या टेबलाची एक बाजू कापून ते भिंतीला लावायचं होतं. टेबलाला करवत लावण्याआधीच त्यांनी भिंतीवर ठोकायची टेकूपट्टी कापून ठेवली, आणि ती नव्या कडेला केसभरही कमी-जास्त झाली नाही. मी त्या दिवसापासून त्यांचा भक्त.

पुढे त्यांच्या घरी गेलो, तर तिथंही तसलंच टेबल. व्यास एक मीटर, भोवती चार खुर्च्या. खोली एवढीशी, की कपाट अर्धंच उघडायचं; मिस्त्री बिळातून खेकडा काढावा तसा त्यातून शर्ट काढत. बायको वारलेली, लेक दूरच्या शहरात. टेबलावर पेन्सिलीची एक सरळ रेघ होती.

"मध्यापासून कड पन्नास, ही रेघ तीस," ते म्हणाले. "पंचवीसशेतून नऊशे गेले, सोळाशे. त्याचं मूळ चाळीस, ही अर्धी जीवा. लंब तिला मधोमध तोडतो, म्हणून पूर्ण ऐंशी. वीस सेंटीमीटर जागा सुटते, कपाट उघडतं."

"मग कापा की."

"एक खुर्ची जाते हो. लेक, जावई, नातू, मी. मोजा."

"नातवाला मांडीवर घ्या."

"बारावीला आहे तो."

ऐंशीची टेकूपट्टी मात्र कापून तयार, तीन वर्षं कपाटामागे उभी होती. सुट्टी जवळ आली की लेक फोनवर म्हणायची, "बघू हं, बाबा." लगेच मिस्त्री रेघ खोडत, चौथ्या खुर्चीचे स्क्रू आवळत. सुट्टी सरली की रेघ पुन्हा काढत. तेवढ्या जागेचं पॉलिश पार उडालं होतं.

चौथ्या वर्षी ती म्हणाली, "यंदा नाहीच जमणार. आम्ही इकडेच घर घेतोय. तुम्हीच या ना."

त्यांनी मला टेबल धरायला बोलावलं. मी धरलं, त्यांनी कापलं. पट्टी बरोबर बसली.

पुढच्याच सुट्टीत लेक, जावई, नातू आले.

"बाबा, टेबल का कापलंत?"

"कपाट उघडत नव्हतं."

चौघं हॉटेलात जेवले.