नव्या कंट्रोल रूमचं उद्घाटन
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला ठाण्यातली आमच्या अग्निशमन केंद्राची नवी कंट्रोल रूम आठवते. उद्घाटनाचे पाहुणे भाषणात रंगले होते, तेवढ्यात फोन वाजला. माजिवड्यात एका घरात स्टोव्ह भडकून लेकरू आत अडकलं होतं. "ओ साहेब, जरा गप्प बसा!" आमच्या ऑपरेटर बाई कडाडल्या आणि फोनवर मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, रडायचं नंतर. आधी घराजवळची खूण सांगा." बंब सुटला. वायरलेसवर "पोर सुखरूप आहे" ऐकू येईपर्यंत पाहुणे गळ्यातल्या हारांसकट श्वास रोखून उभे होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आता बोलू?" "थोडक्यात," बाई म्हणाल्या. पाहुणे "शाबास" एवढंच बोलून खाली बसले. मी आजवर ऐकलेल्या भाषणांत ते सर्वांत चांगलं.