आवाज उजवीकडे सरकला

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भिसेगावच्या घरातली पुढची खोली मी गाण्यांसाठी राखून ठेवली. माझा अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, एकट्याने उचलवत नाही इतका जड. दहिवलीचा माझा मित्र त्याच कारखान्यात माझ्याबरोबर विजेच्या खात्यात होता. त्याने व्हॉल्व्हचा घेतला, काचेच्या नळ्यांचा. ऐकावा तर नळ्यांचाच आवाज, असं त्याचं म्हणणं. नळ्या आवाज गोड करतात, खरा करत नाहीत, असं माझं. हा वाद आम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा घातला होता. शेवटी बायको म्हणाली की दोन्ही यंत्रं एका खोलीत आणा आणि काय ते एकदाचं ठरवा.

एका रविवारी सकाळी तो रिक्षातून आला, यंत्र गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन. नळ्या तापेपर्यंत थांबलो. मग मल्टिमीटर लावून त्याने प्रत्येक नळीतला करंट सारखा केला. दोन्ही यंत्रांचा आवाजही मीटरने मोजून बरोबरीला आणला, कारण जरा मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमी चांगलंच वाटतं. याबाबतीत तरी आमचं एकमत होतं.

स्पीकर माझेच. आधी त्याचं यंत्र जोडलं आणि एका गायिकेचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यात आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध उभा राहायला हवा. मला तो उजवीकडे सरकलेला वाटला. मी लगेच सांगितलं की तुझी डावी बाजू कमी पडतेय. मनातून मला बरंही वाटलं.

त्याने वाद घातला नाही. यंत्र बंद करून मागच्या स्पीकरच्या वायरी डावी उजवीकडे, उजवी डावीकडे अशा बदलल्या. दोष यंत्रात असता तर आता उजवी बाजू कमी वाजायला हवी होती. पण कमी पडली ती डावीच. मग आम्ही स्पीकरची जागा बदलली. तरी डावीच. माझं यंत्र जोडून पाहिलं, तिथेही तेच. हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं. मी घरी एकटाच ऐकायचो, आणि डावा-उजवा आवाज कमीजास्त करणारं बॅलन्सचं बटण हळूहळू डावीकडे नेत गेलो होतो. आज मोजमाप करायचं म्हणून ते मध्ये आणलं होतं.

खोलीचा दोष असेल, भिंत, खिडकी, काहीतरी, असं मी म्हणत राहिलो. मित्राने गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं.

"खुर्ची फिरव आन् स्पीकरकडं पाठ करून बस रं," तो म्हणाला.

मी पाठ करून बसलो. आवाज अजूनही माझ्या उजव्या कानाशी होता. म्हणजे आता तो दुसऱ्या स्पीकरकडे गेला होता. विजेच्या खात्यात आयुष्य काढलेल्या दोघांनाही पुढचं सांगायची गरज नव्हती.

"यंत्रात काय नाय," तो म्हणाला आणि त्याने गाणं बंद केलं.

बायको दारात उभी होती. "डाव्या बाजूने बोललं की तुम्ही उत्तर देत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम करता."

तिचं हे बोलणं मला जास्त लागलं. कितीदा तरी ती चिडून आत निघून गेली होती आणि मला कारणच कळलं नव्हतं.

पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाची नस कमजोर झालीय, ती परत सुधारायची नाही, यंत्र लावा. यंत्र म्हणजे पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरच, शेंगदाण्याएवढा. ते बसवणाऱ्या मुलीने लॅपटॉपवरून त्याची जुळवणी केली. पहिल्या दिवशी फोडणीतली मोहरी कानात फुटत होती आणि प्लॅस्टिकची पिशवी कोणी हातात घेतली तरी मी दचकत होतो. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे जाऊन वरचे स्वर कमी करून मागितले. ती म्हणाली, "काका, आता बदलू नका, डोक्याला सवय होऊ द्या." नवीन स्पीकर घेणाऱ्यांना मीही हेच सांगत आलो होतो, त्यामुळे तसाच परत आलो. सवय झाली, पण सगळ्याची नाही. गाण्यातली तार त्या यंत्रातून अजूनही पत्र्यासारखी वाजते. बोलणं मात्र स्वच्छ येतं.

दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला चांगला कोणता, हे ठरवायचं तसंच राहिलं. मित्राने त्याचं यंत्र आमच्याकडेच ठेवलं, म्हणाला, ऐक निवांत. परवा दहिवलीच्या देवळात भजन होतं, त्याने बोलावलं म्हणून गेलो. टाळकरी माझ्या डावीकडे बसले होते. टाळ सुरू झाले तसा त्यांचा आवाज कानात फार टोचायला लागला. मी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. तेवढ्यात त्याच बाजूला बसलेली बायको काहीतरी म्हणाली. मी ते परत कानात घातलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. चपला कुठे काढल्यात, एवढंच ती विचारत होती.