भांडणाच्या बेटावरचा माड

माझा भाऊ चंद्रहास चैत्रात गेला. माझ्यापेक्षा लहान, मेल्याने माझा नंबर घेतला. जेवायला बसलं की तो एक गोष्ट सांगून सगळ्यांना ठसका लावायचा. आता ती कोण सांगणार, म्हणून मीच फोनवर लिहायला बसले.

चंद्या मस्कतला, माबेलाला राहायचा. काम ड्रेजरवर. म्हणजे ते जहाज समुद्राच्या तळाची वाळू ओढतं आणि पाइपातून उथळ जागी ओततं. ओतून ओतून बेट होतं. काल मासे फिरत होते तिथे आज माणूस चालतो. असंच एक बेट लांबच्या समुद्रात चाललेलं. ते पाणी दोन देश आपलं म्हणायचे. नावं लिहीत नाही, उगाच कशाला. एक देश बेट बांधून घेत होता, दुसऱ्याची बोट रोज येऊन भोंग्यावर ओरडायची, आमच्या पाण्यातून निघा! चंद्या म्हणायचा, "बाय, ह्या आपल्या गावच्या बांधाचा भांडाण. फक्त बांध पाण्यात."

मी तेव्हा किशोरीच्या, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला माबेलाला आलेली. मुलगी झाली. लगेच जहाजावर फोन लावला.

"चंद्या, चेडू झाला!"

"नाक कोणाचा?"

"नशीब तिचा, किशोरीचा."

आमच्यात मूल झालं की त्याच्या नावाने घरामागच्या परड्यात माड लावतात. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला कसलं परडं? पण जहाजावरचा स्वयंपाकी बाबामियाँ, त्याच्या पोत्यात एक कोंब आलेला नारळ होता. चंद्याने तो उचलला आणि सरळ बेटावर जाऊन लावला. कोणाला विचारायचं नाही काही नाही. वर दृष्ट लागू नये म्हणून काठी रोवली आणि आपली लाल लुंगी फाडून तिला बांधली.

झालं! त्या बोटीने लांबून बघितलं, बेटावर लाल झेंडा. बेटवाल्यांनी बघितलं, त्यांनाही वाटलं झेंडा. दोघांचा नाही, मग कोणाचा? तिसरा कोण आला? सकाळी दोन्हीकडचे साहेब आपापल्या बोटीतून हजर. आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने बोलत होते म्हणे.

"कोणत्या देशाचा झेंडा?"

चंद्या पुढे झाला. "नो कंट्री सर. लुंगी. माय डॉटर, न्यू बेबी."

त्याचा मुकादम तय्यब कपाळाला हात लावून म्हणाला, "चंदू, खलास! उखाड के फेंक समुंदर में."

चंद्या झाडासमोर जाऊन उभा राहिला. मुलीच्या नावाचं झाड लावून फेकायचं? अपशकुनच तो. "तय्यबभाई, मला फेका, झाड नको."

एक साहेब झाड काढायला आपला माणूस पाठवायला निघाला, तसा दुसरा आडवा आला. हात लावायचा नाही, बेट आमचं, काढायचं तर आम्ही काढणार. पहिला म्हणाला, मग तुम्हीही हात लावायचा नाही. जो उपटणार त्याचं बेट, असं झालं ना! दोघे वरच्यांना विचारायला गेले आणि झाड राहिलं तसंच. चंद्या रोज अंघोळीचं पाणी वाचवून त्याला घालायचा. बाबामियाँ विचारायचा, "क्यों राजासाब, आपका मुलुक कैसा है?"

शेवटी ठरलं, की हा माणूस दोघांचाही नाही, त्यानेच काढावं. दोन्ही साहेब समोर उभे. चंद्याने हातांनी वाळू उकरली, एक मूळ तुटू दिलं नाही. रंगाच्या डब्यात रोप ठेवलं, तेव्हा त्या भोंगेवाल्या साहेबाने विचारलं, नाव काय मुलीचं? चंद्याने तिथेच ठरवून टाकलं, "रेवा." बारशाला आम्हाला कोणी विचारलंच नाही!

मस्कतला बंदरावरच्या तपासणीवाल्यांनी मुळं धुवून, औषध मारून रोप सोडलं. मेला दारात आला तो डबा पोटाशी धरून.

"आधी चेडवाक बघ रे!"

"थांब बाय, ह्येका पाणी घालतंय."

घरमालक अर्बाब बघतच राहिला. हसून म्हणाला, "यल्ला," म्हणजे चल, आणि कुंपणालगतची जागा दाखवली. शेजारचे म्हणायचे, तिकडे दक्षिणेला सलालाला माड होतो, इथे कसला जगतो. जगला. रेवापेक्षा केव्हाच उंच झाला.

चंद्या गेला तेव्हापासून मी परत इथेच, माबेलाला आहे. परवा रेवा खालून ओरडली, "आत्या, कम फास्ट, ट्रीला काहीतरी आलंय!"

जाऊन बघते तर माडाला पहिली पोय, फुलांचा तुरा, फुटलेली. आता नारळ धरणार. मी चंद्याला सांगायला फोन उचललासुद्धा. मग किशोरीला हाक मारली. तिघी खाली उभ्या राहून वर बघत होतो, आणि ती लाल लुंगी आठवून किशोरीला आधी हसू आलं.