पुठ्ठ्यावरचं नाव
तांदळाच्या पोत्यांवर मार्क टाकायच्या जाड पेनाचा वास आला, की मला मुंबईचं विमानतळ आठवतं. बाबांना पहिल्यांदाच विमानानं नेलं होतं. न्यायला येणारी गाडी मी गोंदियाहूनच फोनवर ठरवली, भाड्यावरून मनसोक्त भांडलो आणि पाटीवर माझं नाही, बाबांचं पूर्ण नाव लिहायला लावलं. बाहेर आलो, तर गर्दीत एका ड्रायव्हरच्या हातातल्या पुठ्ठ्यावर ते तसल्याच जाड पेनानं ठळक लिहिलेलं दिसलं. बाबांनी वाचलं आणि घाबरून माझा हात धरला. "माहं नाव काऊन लिहून राहिले रे? मी का केलो?" बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. तिथल्या फळ्यावर त्यांचं नाव लागायचं ते फक्त मजुरी कापली की. माझं डोकं असं फिरलं, की त्या मिलचा शेठ समोर असता तर तिथंच कॉलर धरली असती. तेवढ्यात ड्रायव्हरनं वाकून बाबांची पिशवी घेतली. "चला काका, कधीची तुमचीच वाट बघतोय." बाबांनी आधी पिशवी सोडलीच नाही, मग सोडली, टोपी नीट केली आणि ऐटीत मागच्या सीटवर बसले. शेठनं हे पाहिलं नाही, याचा राग अजून आहे. पण ड्रायव्हरकडून मागून घेतलेला तो पुठ्ठा आज माझ्या स्वतःच्या राइस मिलच्या दारावर आहे, आणि भाव करायला येणारा प्रत्येक शेठ त्याच्याखालूनच आत येतो.